वरच्या टप्प्यातला नारळ

बाबा आले तेव्हा सगळ्या जर्मनीत झेंडे लागले होते. खिडक्यांत, गाड्यांवर, बेकरीच्या काउंटरवर. फुटबॉलचा वर्ल्ड कप नुकताच सुरू झाला होता. विमानतळावरून घरी येताना बाबा म्हणाले, "अगं, माझ्यासाठी एवढं कशाला करायचं?" मी हसले. आई गेल्यानंतर त्यांच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला विनोद. न्युर्नबर्ग मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "घरापासून लांब आहे का गं ती जागा?"

"कुठली?" मला कळलं होतं, तरी मी विचारलं.

"शोभनाची."

"चालत जाता येतं."

"मग उद्या सकाळीच जाऊ. आंघोळ झाली की."

मी गिअर बदलला. आईची ती जागा त्यांना दाखवायची नाही, असं मी एप्रिलपासून ठरवून बसले होते.

ओबरग्राबेन हे माझं गाव एका जुन्या कालव्यावर वसलेलं आहे. मेन आणि डॅन्यूब या दोन नद्या जोडायच्या म्हणून बव्हेरियाच्या राजाने एकोणिसाव्या शतकात हा कालवा खणून घेतला. त्याच्या हजार वर्षं आधी शार्लमेन बादशहानेही हेच करून पाहिलं होतं आणि चिखलात हात टेकले होते. मधे डोंगर. बोटींना डोंगर चढवायचा तर पाण्याला पायऱ्या हव्यात, म्हणून वाटेवर शंभर लॉक बांधली. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला लांबट हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या टप्प्यातलं, म्हणजे दाराच्या वर अडवलेलं, पाणी आत सोडायचं. हौद भरला की बोट एक पायरी चढलेली असते. उतरायचं तर हेच उलटं. बोटी घोडे ओढायचे. त्यांची वाट अजून काठाने आहे. प्रत्येक लॉकपाशी रखवालदाराचं दगडी घर, परसबाग, सफरचंदाची झाडं. कालवा पुरा होतो न होतो तोच आगगाडी आली. घोड्यांचे तबेले ओस पडले, खानावळी बंद झाल्या. दुसऱ्या महायुद्धात कालव्यावर बॉम्ब पडले आणि मग सरकारने तो कायमचा बंद केला.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. मी हेर्त्सोगेनआउराखला एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिते. संध्याकाळी जुनी पुस्तकं वाचते. गावातल्या कालवा मंडळाची, म्हणजे इथल्या फेराइनची, मी सभासद आहे. त्यातली एकटीच परदेशी.

आई दोनदा माझ्याकडे राहून गेली होती. आमच्या लॉकवर ती खूश होती. कुसुमआत्याला फोनवर सांगायची, "अहो वन्सं, इथे पाणी जिने चढतं. आपल्याकडे मेलं तिसऱ्या मजल्यावर चढत नाही." पुण्यात आमच्या घरी नळाला सकाळी थोडा वेळच पाणी असे. आई रोज उठल्यावर आधी कालचं पाणी झाडांना घालायची, पिंप घासायची आणि ताजं भरायची. शिळं पाणी माणसाला देऊ नये म्हणायची. दुसऱ्या खेपेला, लॉकच्या कठड्यावर बसून सफरचंद खाता खाता ती म्हणाली होती, "मी गेले ना, की मूठभर मला इथेही सोड. तू एकटी असतेस. पण वाहत्या पाण्यात हं. जन्मभर पिंपं भरली मी. मला साठवून ठेवू नकोस."

ती जानेवारीत गेली. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. बाबांनी वाईला कृष्णेत अस्थी सोडल्या आणि मूठभर बाजूला ठेवून तांब्याच्या गडूत घालून माझ्याबरोबर दिल्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, त्यांना येता येणार नव्हतं. बरोबर कुंकवाची पुडी दिली आणि शेंडी ठेवून सोललेला एक नारळ. "तिथे मिळेल न मिळेल," म्हणत त्यांनी स्वतः त्याच्या शेंडीला लाल दोरा गुंडाळला. टेलिफोन खात्यात सगळी हयात वायरींना गाठी मारण्यात गेली होती त्यांची. ती गाठ सुटणाऱ्यातली नव्हती.

मी जागा निवडली ती पुस्तकातून. आमच्या लॉकच्या वरचा टप्पा हा सगळ्या कालव्याचा माथा आहे. इथून पाणी दोन्हीकडे उतरतं, असं पुस्तकात होतं. एकीकडे मेन, ऱ्हाईन आणि उत्तर समुद्र; दुसरीकडे डॅन्यूब आणि काळा समुद्र. आई दोन समुद्रांना मिळेल, असं वाक्य माझ्या मनात तयार झालं आणि मला ते आवडलं. मार्चमधल्या एका सकाळी मी लॉकच्या वरच्या दारापाशी उभी राहिले. बर्फ नुकताच वितळला होता. वारा होता आणि पाण्यावरच्या लहरी एका दिशेने भराभर जात होत्या. त्यांना मी प्रवाह समजले. अस्थी सोडल्या, फुलं सोडली, नारळाला कुंकू लावून तो सोडला. काठ सोडून तो थोडा पुढे गेलेला पाहिला आणि कोणी बघायच्या आत घरी आले. इथे अस्थी अशा सोडता येत नाहीत, कायदा आहे.

बाबांना फोनवर मी तेच वाक्य सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ते म्हणाले, "दोन समुद्र. वा." नंतर कुसुमआत्याने ते भजनी मंडळात सांगितलं, भिशीत सांगितलं, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

एप्रिलमध्ये फेराइनची बैठक होती. कॉफी आणि प्लमचा केक. आमच्या अध्यक्ष फ्राऊ हाइडेनराइख, शेवटच्या लॉक-रखवालदाराची नात. पूर्वी गावात त्यांचं औषधांचं दुकान होतं, आणि अजूनही त्या सगळ्यांशी डोस सांगितल्यासारख्या बोलतात. बैठक संपता संपता हेर बोएम एक प्लास्टिकची पिशवी घेऊन उभे राहिले. हा माणूस दर वसंतात लांब आकड्याने लॉकमधला कचरा काढतो. पिशवीतून त्यांनी नारळ काढला आणि टेबलावर ठेवला.

"मंडळी," ते म्हणाले, "कालवा बंद पडल्यानंतर आलेला पहिला माल! वरच्या दारापाशी सापडला."

हशा पिकला. नारळ हातोहात फिरला. तो माझ्याकडे आला तेव्हा शेंडी काळी पडली होती, पण दोरा तसाच होता. कुंकवाचा गुलाबी डाग कवचात मुरला होता.

"ऊर्मिला," कोणीतरी विचारलं, "तुमच्याकडे याचं काही करतात का?"

"खातात," मी म्हटलं.

सगळे पुन्हा हसले. मीही हसले. तो हसण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

"पण इतके दिवस दारापाशीच कसा राहिला?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

फ्राऊ हाइडेनराइखनी केक कापता कापता उत्तर दिलं. "जाणार कुठे? या कालव्यात पाणी चालायचं ते बोटींमुळे. बोट लॉकमधून गेली की एक हौदभर पाणी खाली उतरायचं. बोटी गेल्या, दारं बंद राहिली, पाणी उभं राहिलं. आजोबा म्हणायचे, वरच्या टप्प्यात पडलेलं पान शरदात पाहा आणि वसंतात तिथेच उचला."

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मी तिथे गेले. वारा नव्हता. पाण्यावर हिरवट साय धरली होती आणि दाराच्या कोपऱ्यात माझी कार्नेशनची फुलं तपकिरी होऊन एकमेकांना चिकटून बसली होती. पुस्तकात सगळं होतं. कुठल्या टप्प्याला पाणी कुठून मिळतं, किती मिळतं. मी ते प्रकरण वाचलंही होतं. पण मला दोन समुद्र हवे होते.

नारळ रखवालदाराच्या घरात गेला. तिथे फेराइनचं छोटं संग्रहालय आहे. काचेच्या कपाटात घोड्यांचे नाल, बोटींचे खिळे, एक कंदील, आणि आता नारळ.

तर बाबा आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना लॉकच्या खाली घेऊन गेले. घोड्यांच्या वाटेने थोडं पुढे गेलं की कालव्याला डोंगरातला एक ओढा येऊन मिळतो, आणि जास्तीचं पाणी दगडी सांडव्यावरून पलीकडच्या नदीत पडतं. जागा सुंदर आहे. पाणी खळखळतं, फेस येतो.

"इथे," मी म्हटलं.

बाबा सांडव्यापाशी उभे राहिले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "वाहतंय," ते म्हणाले. "छान वाहतंय, ऊर्मी." मग गुडघ्याला हात लावत हळूहळू वाकले आणि पाण्याला नमस्कार केला. मी दोन पावलं मागे उभी राहिले आणि मोबाइलमध्ये काहीतरी बघत असल्यासारखं केलं.

मला वाटलं होतं, एकदाच. पण ते रोज जायला लागले. सकाळी सातला अंगात स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट. वाटेत रानफुलं तोडायची, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला "मोर्गन" म्हणायचं, सांडव्यापाशी फुलं सोडायची. घरी येऊन मला सांगायचे, "आज तर क्षणात दिसेनाशी झाली. घाईच फार तिला. लग्नाला निघायचं तर मी अजून दाढी करतोय आणि ही कुलूप घेऊन दारात." कुसुमआत्याचा फोन आला की म्हणायचे, "अगं, खळखळून वाहतंय. ऊर्मीने जागा काय शोधलीय!" मी तेव्हा स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायचे आणि लाटणं थांबवायचे नाही.

सांगायचा विचार रोज यायचा. पण ते परत येत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे असे, ते माझ्याने मोडवत नव्हतं. निदान मी स्वतःला असं सांगत होते. खरं म्हणजे मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

फ्राऊ हाइडेनराइखशी त्यांची ओळख माझ्याशिवायच झाली. त्या लॉकपाशी फुलझाडांना पाणी घालायच्या, बाबा थांबायचे. बाबांचं जर्मन म्हणजे मोर्गन, डांके आणि गेनाऊ, तेवढेच तीन शब्द. बाईंचं इंग्रजी औषधांच्या नावांपुरतं. तरी दोघं बोलायची. फ्राऊ म्हणजेच बाई, तरी बाबा त्यांना फ्राऊबाई म्हणायला लागले. एक दिवस मला म्हणाले, "फ्राऊबाईंनी रविवारी बोलावलंय. त्यांचं म्युझियम उघडं असतं म्हणे महिन्यातून एकदा."

"लहान आहे हो बाबा. बघण्यासारखं नाही काही."

"तू मेंबर ना त्यांची?"

"हो, पण..."

"मग असं बोलू नये."

गुरुवारी मी ऑफिसमधून परस्पर फ्राऊ हाइडेनराइखकडे गेले. रविवारपुरता तो नारळ कपाटातून काढून ठेवता येईल का, असं विचारलं.

"का?"

"शोभत नाही तो तिथे. कालव्याचा इतिहास आणि... नारळ."

"आख्, काय बोलतेस! किंडरगार्टनची मुलं तोच बघायला येतात. खिळे कोण बघतं?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "काही त्रास आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "नाही, सहजच."

रविवारी पाऊस नव्हता, आजारपण नव्हतं, सबब नव्हती. आम्ही गेलो.

बाबांना खरंच आवडलं. खाली एका खोलीत लॉकचं लाकडी मॉडेल आहे, त्यात पाणी घालून दारं उघडता येतात. ते मॉडेलपाशी लहान मुलांच्या रांगेत उभे राहिले. फ्राऊ हाइडेनराइख समजावत होत्या आणि मी मराठीत सांगत होते. खेळण्यातली बोट हौदात आली, दार लागलं, पाणी खाली गेलं, बोट उतरली.

"म्हणजे बोट जाते तेव्हाच पाणी पुढे सरकतं," बाबा म्हणाले. "आणि बोट नसेल तेव्हा? विचार ना त्यांना."

मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. "डान श्टेट एस."

"काय म्हणतात?"

"उभं राहतं म्हणतात."

"हं," बाबा म्हणाले. "पण आपल्याकडचं वाहतं." आणि वरच्या खोलीचा जिना चढायला लागले.

कपाटापाशी ते आधी कंदिलाशी थांबले. मग नालांशी. मग पुढे सरकले आणि उभे राहिले. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होते. त्यांची पाठ दिसत होती. पाठ हलली नाही. खालून मुलांचा आणि मॉडेलमधल्या पाण्याचा आवाज येत होता.

"ऊर्मी, इकडे ये."

मी गेले. त्यांचं बोट काचेवर होतं, लाल दोऱ्याच्या समोर.

"खाली काय लिहिलंय?"

तेव्हा मी काहीही सांगू शकले असते. त्यांना अक्षर कळत नव्हतं. सांडव्यातून वाहत गेला आणि खाली सापडला, असं सहज सांगता आलं असतं. वाक्य तयारही झालं होतं माझ्या डोक्यात. माझी वाक्यं पटकन तयार होतात.

"सापडलेली वस्तू," मी वाचायला लागले. "वसंत २००६. नारळ. लॉकच्या वरच्या दारापाशी मिळाला. कसा आला ते माहीत नाही." एक ओळ राहिली होती. "पुढे प्रश्नचिन्ह टाकून लिहिलंय, आमच्या कालव्यातला शेवटचा माल?"

"हे गमतीने?"

"हो."

"वरचं दार म्हणजे ते?" त्यांनी खिडकीकडे मान केली. खिडकीतून वरचा टप्पा दिसत होता. त्यावरची हिरवी साय, आणि सायीत न हललेली एक बिअरची बाटली.

"हो."

त्यांनी काचेवरचं बोट काढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग मी इतके दिवस खाली कोणाला नमस्कार करत होतो गं?"

मी वाऱ्याचं सांगितलं, लहरींचं सांगितलं. पुस्तकाचं सांगितलं. बैठकीत मला विचारलं तेव्हा मी काय म्हणाले, तेही सांगितलं, कारण आता मधेच थांबणं आणखी वाईट वाटत होतं.

"खातात," बाबांनी माझा शब्द परत उच्चारला. रागाने नाही. कोणीतरी परक्या भाषेतला शब्द दिल्यावर उच्चारून बघावा तसा.

फ्राऊ हाइडेनराइख जिना चढून आल्या होत्या. आमचे चेहरे बघून त्या थबकल्या. "काय झालं? ते काय म्हणतायत?"

मी त्यांना जर्मनमध्ये सांगितलं. नारळ आमचा आहे. माझ्या आईचा. त्याच्याबरोबर आणखी काय पाण्यात गेलं तेही सांगितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. "दुसरं जे म्हणालीस ते मी ऐकलेलं नाही," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "ते फेरबोटन आहे, कायद्याने मना, आणि मी अध्यक्ष आहे. नारळावर कायदा नाही." त्यांनी कपाट उघडलं आणि नारळ दोन्ही हातांनी बाबांपुढे धरला. "वडिलांना सांग, मला माफ करा. आम्ही हसलो."

"काय म्हणतात फ्राऊबाई?"

"माफ करा म्हणतात. हसले म्हणून."

"त्यांना कुठे ठाऊक होतं," बाबा म्हणाले. नारळाला त्यांनी हात लावला नाही. "वाहिलेला परत घरी न्यायचा नसतो. त्यांना विचार, ते दार कधी उघडतं का."

दार वर्षातून एकदा उघडतं. कालव्याच्या उत्सवात फेराइनची लाकडी बोट घोडा लावून आणतात आणि लॉकमधून खाली उतरवतात. तो उत्सव पुढच्याच रविवारी होता.

तो आठवडा बाबा सांडव्याकडे गेले नाहीत. सकाळी खुर्चीत बसून राहायचे. माझ्याशी नीट बोलायचे. चहा छान झालाय, आज बाहेर गार आहे. पाहुण्याने बोलावं तसं. कुसुमआत्याचा फोन आला तर म्हणायचे, "हो, बरं आहे," आणि ठेवायचे. त्यांनी एकदा ओरडावं म्हणून मी वाट पाहिली. ते ओरडले नाहीत.

उत्सवाच्या दिवशी सगळं गाव लॉकवर होतं. आदल्या रात्री जर्मनीने तिसरा नंबर मिळवला होता, त्यामुळे पहिला मिळवल्यासारखे सगळे खुशीत. बँड, बिअरची बाकं, भाजलेल्या सॉसेजचा धूर. बाबांनी आंघोळ करून धुतलेला शर्ट घातला होता. घोडा बोट घेऊन आला, वरचं दार उघडायची वेळ झाली. दाराला जाडजूड लाकडी दांडा असतो, तो पाठीने रेटायचा. हेर बोएमनी बाबांना खूण केली. बाबांनी गुडघ्याकडे न बघता पाठ लावली. दार कुरकुरत उघडलं. बोट आत शिरली.

फ्राऊ हाइडेनराइखनी पिशवीतून नारळ काढून बाबांना दिला. बाबांनी तो मला दिला. "जिथे सोडला होतास तिथेच ठेव," ते म्हणाले.

मी वाकून तो पाण्यावर ठेवला. लोकांनी ओळखला. "आमचा नारळ!" कोणीतरी ओरडलं, मुलं टाळ्या वाजवायला लागली. नारळ मात्र हलेना. बोट आत गेली तेव्हा तिने ढकललेल्या पाण्याबरोबर तो उलट मागे सरकला आणि त्याच कोपऱ्यात जाऊन बसला. हेर बोएम आकडा घेऊन पुढे झाले. त्यांना वाटलं कचरा काढायचाय.

"नको," मी म्हटलं. "तो माझ्या आईचा आहे. त्याला जायचंय."

मी हळू बोलले नव्हते. जवळच्यांनी ऐकलं, त्यांच्याकडून मागच्यांनी. बँड वाजत राहिला, पण कठड्यावरचं हसणं विरलं. हेर बोएम माझ्याकडे बघत राहिले. टेबलावर नारळ ठेवला तो दिवस त्यांना आठवला असणार. मी काय म्हणाले होते तेही. मी त्यांच्या हातातला आकडा घेतला. तो माझ्या अंदाजापेक्षा जड होता. एकदा चुकला, दुसऱ्यांदा नुसतं पाणी उडालं. शेकडो डोळे माझ्या पाठीवर होते आणि मला कान तापलेले कळत होते. तिसऱ्यांदा नारळ वळला आणि बोटीच्या मागोमाग हौदात गेला.

बाबा कठड्याशी वाकले. "चल, ऊठ गं," ते खाली बघून म्हणाले. "किती वेळ बसलीस. दार उघडलंय."

वरचं दार लागलं. खालच्या झडपा उघडल्या आणि वरच्या टप्प्यातलं हौदभर पाणी उकळल्यासारखं खाली जायला लागलं. बोट उतरली, नारळ उतरला.

बोटीला घोडा होता. नारळाला मी होते. घोड्यांच्या वाटेने मी काठाकाठाने आकड्याने त्याला ढकलत निघाले. तो गवतात अडकायचा, मी सोडवायचे. बाबा पुढे चालत होते, लंगडत, मागे न बघता. बिअरचे ग्लास हातात धरलेली माणसं बाजूला होऊन वाट देत होती. एका बाईने विचारलं, काय करताय? मी तिला सांगितलं. अस्थींचं सोडून सगळं सांगितलं.

लॉकमधून आलेल्या पाण्याने सांडवा त्या दिवशी मोठ्याने पडत होता. ओढ लागली तसा नारळ आकड्यातून सुटला. काठावर क्षणभर थांबला, लाल दोरा वर आला, आणि पलीकडे गेला.

बाबांनी हात जोडले नाहीत. ते बाजूला सरकले.

"आधी तू," ते म्हणाले. "तू एकदाही केला नव्हतास इथे. मी बघत होतो."

मी चिखलात गुडघे टेकून नमस्कार केला. मग त्यांनी केला.

संध्याकाळी फोन वाजला. बाबांनी उचलला, दोन शब्द बोलले आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "कुसुम आहे. तिला सांग."

"काय सांगू?"

"दोन समुद्रांचं सांगितलं होतंस ना? आता हेही सांग. ती मंडळात जाऊन सांगेल, सांगू दे."

मी रिसीव्हर घेतला. "आत्या," मी म्हटलं, "मी तुम्हाला आईबद्दल जे सांगितलं होतं ना, ते तसं नव्हतं."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. मी बोलत होते तेव्हा मला दिसत होतं, त्यांनी ओट्यावरचा जग उचलला, त्यातलं सकाळचं पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं आणि जग नळाखाली धरला.